पोटाशी धरायची उशी

मी एक जुनी उशी आहे. थांबा मित्रांनो, लगेच जांभई देऊ नका. डोक्याखाली घ्यायच्या उशा वेगळ्या, त्यांचा जन्म लोळण्यात जातो. माझ्यावर डोकं टेकून आजवर कुणी झोपलेलं नाही, आणि कुणी झोपलंच तर सकाळी त्याची मान धरलेली असेल, इतकी मी टणक. मी पोटाशी धरायची उशी आहे. चंदीगडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या ऑपरेशन थिएटरात माझी नोकरी आहे, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असतो.

माझा जन्म चंदीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याचा, रजया भरून देणाऱ्या एका दुकानातला. थंडी तोंडावर आली होती, दुकानात कापसाचा धुरळा उडत होता, आणि एक ठेंगण्या बाई दारात उभ्या राहून दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या. त्यांना उशी हवी होती, पण मऊ नको होती. दुकानदार हैराण झाला. म्हणाला, "बहनजी, तकिया तो नरम ही होता है।" बाई म्हणाल्या, "दबना चाहिए, लेकिन भागना नहीं चाहिए।" शेवटी त्यांनी समोर बसून मूठमूठ कापूस ठासून भरून घेतला आणि वर जाड तपकिरी रेक्झिन चढवून घेतलं, म्हणजे दर वेळी औषधाने पुसता यावं. त्या बाई म्हणजे डॉक्टर शुभदा. मूळच्या सांगलीच्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या भूलतज्ज्ञ. मला काखोटीला मारून त्या रिक्षात बसल्या आणि वाटभर माझ्याशी मराठीत बोलत राहिल्या. पंजाबी कापसाची असून मी तुमच्याशी मराठीत कशी बोलते, ते आता वेगळं सांगायला नको.

माझं काम काय, ते ऐका. कमरेखालचं ऑपरेशन असलं की बरेचदा माणसाला पूर्ण झोपवत नाहीत. पाठीत खालच्या बाजूला, दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून औषध देतात. कमरेपासून खाली सगळं बधिर होतं आणि माणूस मात्र जागा असतो. ते औषध देण्यासाठी माणसाला टेबलाच्या कडेला बसवतात, पाय खाली स्टुलावर. पाठ बाहेर काढायची, खांदे ढिले सोडायचे, हनुवटी छातीला लावायची. रागावलेलं मांजर कशी पाठ काढतं, तशी. असं वाकायला काहीतरी कवटाळायला लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे मी.

तर डॉक्टर मागे आणि मी पुढे. आजवर इतक्या पाठी झाल्या, त्यातली एकही मी पाहिलेली नाही. तरी पाठीवर काय चाललंय ते मला बरोबर कळतं. डॉक्टरचं बोट कुठे टेकलं, ते त्या माणसाच्या बोटांवरून समजतं, कारण त्याची बोटं माझ्यात रुतलेली असतात. माणसं तोंडाने खोटं बोलतात हो, पण माझी शिवण आवळताना त्यांना खोटं बोलता येत नाही.

आता ती फट शोधायची कशी, ते शुभदा मॅडम नव्या डॉक्टरांना शिकवायच्या, ते ऐकून ऐकून मला पाठ झालंय. तुमची आई रागावली की कमरेवर हात ठेवून उभी राहते ना? तेव्हा तिचे हात ज्या हाडावर टेकतात, ते कमरेचं हाड. डॉक्टर मागे बसून दोन्ही तळवे असेच कमरेवर ठेवतात, त्या हाडांचे माथे चाचपतात आणि अंगठे आडवे पाठीच्या मध्यावर आणतात. दोन्ही माथ्यांना जोडणारी ती रेघ कण्याला जिथे छेदते, तिथे कमरेतला चौथा मणका, नाहीतर त्याच्या लगेच खालची फट. सुई त्या आसपास. जास्त वर जायचं नाही, कारण वर कण्याच्या पोकळीत नसांचा मुख्य दोर असतो, त्याला धक्का लागता कामा नये. मॅडम सांगायच्या, "मांसावर हात ठेवून हाड सापडलं म्हणू नका. जाड्या माणसाच्या कमरेत हात वरच अडतो, आणि मग तुमची रेघही वरच पडते. दाबा. हाड 'मी आहे' म्हणेपर्यंत दाबा."

मॅडमनी आणखी एक रीत घालून दिली होती. नवा डॉक्टर विभागात आला की त्याने दुसऱ्याच्या पाठीला हात लावण्याआधी स्वतः टेबलावर बसायचं. मला पोटाशी धरायचं, पाठ काढायची, आणि मोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ चाचपायची. सुई नाही, काही नाही, फक्त बोटं. बाकीचे हसायचे, चिडवायचे. पण एकदा पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि आपल्याला ते दिसत नाही, हे कळलं की भल्याभल्यांचं हसू मावळतं. मी स्वतः अनुभवलंय.

स्वराली अशीच आली होती. अमरावतीची मुलगी, शिकायला इथे आलेली. एवढीशी, काटकुळी, पण डोळे चौकस. ती बसली. मागून एक वरिष्ठ डॉक्टर तिची पाठ चाचपत होते. त्यांनी विचारलं, "मी मधोमध आहे ना?" स्वराली म्हणाली, "यस सर." मित्रांनो, ते मधोमध नव्हते. साफ उजवीकडे होते. तिची बोटं माझ्यात कशी वळवळली ते मला ठाऊक. पण पहिलाच दिवस, समोर मोठे सर, त्यांना चुकलंत म्हणायचं कसं? बोलली नाही पोरगी. सरही खुशीत गेले.

पुढे मात्र तिच्या हातांची ख्याती झाली. इतर जण पाठीवर बराच वेळ चाचपडत बसायचे, ही दोनदा हात फिरवायची आणि नेमकी जागा धरायची. थिएटरातल्या कुलविंदर सिस्टर म्हणायच्या, "स्वरालीजी के हाथों में आँखें हैं।" आपल्याकडे म्हणतात ना, अमक्याच्या हाताला गुण आहे, तसंच झालं. फक्त एक होतं. ती काम करताना बोलायची नाही. पेशंटशी आधी गोड बोलायची, नंतर गोड बोलायची, पण पाठीमागे गेली की एकदम गप्प. मॅडम एकदा म्हणाल्याही, "अगं, त्या पाठीला पुढच्या बाजूने तोंडही आहे." स्वराली हसली आणि आपल्या कामाला लागली. ज्याचं सगळं बरोबर येतं, त्याला कोण काय सांगणार.

मग माझे वाईट दिवस आले. थिएटरात पेशंटने टेकून बसायची नवी चौकट आली. स्टीलची, चाकांची, वर हनुवटी ठेवायला गादी, बाजूला हात ठेवायला कठडे. दिसायला मोठी देखणी. पहिल्या दिवशी सगळे तिच्याभोवती असे जमले की जणू घरात नवी सूनच आली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. संध्याकाळी कुणीतरी मला उचललं आणि सामानाच्या खोलीत, मोडक्या सलाइनच्या स्टँडांमागे ठेवून दिलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. एवढी माणसं मला मिठी मारून गेली, आणि जाताना कुणी पाठीवर थापही मारली नाही. तिथे ओल होती. माझी एका कडेची शिवण उसवली, आतला कापूस थोडा बाहेर डोकावू लागला. बाहेर शाल्मलीची लाल फुलं येऊन गळून गेली म्हणे, मला त्यांचा पत्ताही लागला नाही. नवे डॉक्टर आले, त्यांची ती टेबलावर बसायची रीतही बंद पडली. चौकटीला कवटाळून कोण बसणार? चौकटीला पोट नसतं.

आणि मग एका सकाळी कुलविंदर सिस्टर धावत आल्या, स्टँड बाजूला सारले आणि मला ओढून काढलं. उसवलेल्या शिवणीवर चिकटपट्टी लावली, खसाखसा पुसलं, वर स्वच्छ चादर गुंडाळली. मी म्हटलं, काय बाई, अडलं वाटतं कुणाचं तरी.

अडलं होतं ते इंद्रायणीचं. मूळची नांदेडची. नवरा विजयकुमार केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्यांवर फिरत फिरत इथे आलेला, घर मोहालीला. इंद्रायणीचे दिवस भरले होते, बाळ पोटात आडवं होतं, म्हणून सीझर करायचं आधीच ठरलं होतं. पण तारखेच्या आधीच पहाटे पाणी गेलं आणि तिला घाईघाईने आणावं लागलं. मूळची ती अंगाने भरलेली, त्यात अंगावर सूज आलेली. पोट एवढं पुढे की त्या देखण्या चौकटीला टेकताच येईना. छाती टेकली तर पोट अडे, पोट सांभाळलं तर पाठ वाकेना. तेव्हा सिस्टरना माझी आठवण झाली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, माझ्या बाबतीत गरज परत आली एवढंच.

तिने मला पोटावर, जरा वरच्या अंगाला धरलं. हात गार पडले होते. समोर स्वराली उभी होती. आता ती शिकाऊंमध्ये सर्वांत मोठी झाली होती, आणि शुभदा मॅडम तिच्यावर लक्ष ठेवायला बाजूला होत्या. स्वरालीने नाव-गाव विचारलं आणि मराठी ऐकताच इंद्रायणीचा बांध फुटला.

"डॉक्टर, तुम्हाला एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"सांगा ना ताई."

"मला झोपवू नका. माझी पहिली मुलगी, इरा, तिच्या वेळी पण सीझरच होतं. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो. पाठीत जागाच सापडेना. टोचून टोचून डॉक्टर दमले, मग मला पूर्ण झोपवलं. जाग आली तेव्हा पोरगी दुपट्यात गुंडाळून बाजूला. हे ड्युटीवर, सासूबाई औषध आणायला गेलेल्या. ती पहिल्यांदा रडली ते आमच्या घरातल्या कुणीच ऐकलं नाही. आता सहा वर्षांची झालीय. परवा विचारत होती, मम्मा, मैं पैदा हुई तो रोई थी क्या? मी म्हटलं, हो रडली होतीस. पण मला काय माहीत?" तिने पदराऐवजी माझ्या चादरीला डोळे पुसले. "तेवढं एक ऐकायचंय. बाकी काहीही होऊ दे."

स्वरालीने तिच्या हातावर हात ठेवला. "ऐकायचंय ना? ऐकाल," ती म्हणाली. हातांवर केवढा विश्वास पोरीचा.

मग ती मागे गेली आणि गप्प झाली. कुलविंदर सिस्टर पुढे येऊन इंद्रायणीचे खांदे धरून म्हणाल्या, "बस जी, अब हिलना नहीं, बोलना नहीं।" त्यांचंही चुकलं नाही. सगळे हेच सांगतात. आणि इंद्रायणी ही सांगितलेलं ऐकणाऱ्यांतली.

स्वरालीने कमरेवर तळवे ठेवले आणि दाबले. मला इंद्रायणीच्या पोटातून कळलं, चांगले दाबले. हाडाचा माथा सापडला. रेघही बरोबर आली असणार, कारण मॅडम काही बोलल्या नाहीत. अडचण पुढे होती. अशा भरल्या, सुजल्या पाठीत मणक्यांची टोकं बोटाला लागतच नाहीत. सगळं सपाट. मग मधली रेघ कुठे? स्वरालीने पाठीच्या मधल्या वळीवर भरवसा ठेवला. दिसायला तीच मधोमध. पण मित्रांनो, इंद्रायणी सरळ बसलीच नव्हती. डाव्या पायात गोळे येत होते, म्हणून ती सगळा भार उजव्या बाजूवर टाकून बसली होती. तिचं वजन माझ्या एकाच अंगावर होतं, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? वळी एकीकडे सरकली होती आणि हाडं भलतीकडेच होती. मला तोंड असतं ना, तर मी तिथल्या तिथे ओरडले असते.

कातडी बधिर करून स्वरालीने सुई घातली. हाडाला लागली. तिने ती मागे घेतली, जरा वळवली. पुन्हा हाड. इंद्रायणीची बोटं माझ्यात घुसली, पण तोंडातून हूं की चूं नाही.

शुभदा मॅडम हळूच म्हणाल्या, "तिला विचार."

स्वरालीने विचारलं, "ताई, माझं बोट मधोमध आहे का?"

"हो हो, डॉक्टर. अगदी बरोबर."

आणि तिची बोटं? तिची बोटं सांगत होती, नाही, नाही, नाही. बोट साफ बाजूला होतं. पण डॉक्टरला नाही म्हणायचं? एवढ्या शिकलेल्या मुलीला? लहानपणापासून ज्यांना 'मोठ्यांना उलट बोलू नये' शिकवलंय, त्या जिभेला नाही म्हणता येत नाही, मग सुई पाठीत का असेना. स्वरालीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हाड.

पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता. पाठीच्या आतलं दाखवणारं सोनोग्राफीचं एक यंत्र विभागात आहे, अगदी चांगलं आहे, पण ते त्या वेळी अतिदक्षता विभागात एका अपघातातल्या माणसापाशी होतं, आणि पाणी गेलेलं, बाळ आडवं, थांबायला सवड नव्हती. प्रसूतीच्या डॉक्टर हात धुऊन उभ्या होत्या. शुभदा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आणखी एकदा बघ. नाही जमलं तर झोपवू. त्यात कमीपणा नाही, बाळ-बाळंतीण सुखरूप असणं पहिलं."

हे इंद्रायणीने ऐकलं. माझ्या चादरीवर टपकन एक थेंब पडला. मग आणखी पडले. आणि या बाईने काय म्हणावं? म्हणाली, "चालेल डॉक्टर. तुम्हाला त्रास नको. झोपवा तुम्ही." मला असा राग आला तिचा, आणि तितकीच कीवही आली. अगं बाई, सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी झुरलीस ती तू दुसऱ्याला त्रास नको म्हणून सोडून देतेस? पण अशीच माणसं असतात हो जगात. स्वतःच्या घासातला घास देतात आणि वर विचारतात, पुरेल ना.

स्वराली मागे थांबली होती. तिचे हात पाठीवर होते, पण हलत नव्हते. मग तिने एक गोष्ट केली, जी मी तिला कधी करताना पाहिली नव्हती. तिने बोट मुद्दाम खूप उजवीकडे नेलं, जवळजवळ बरगडीखाली, आणि विचारलं, "ताई, आता बरोबर आहे?"

"हो डॉक्टर, बरोबर."

स्वरालीने बोट उचललं. तिच्या तोंडाला मास्क होता, पण आवाज बदलला. "ताई, मी आत्ता बोट मधोमध ठेवलंच नव्हतं. मुद्दाम भलतीकडे ठेवलं होतं."

इंद्रायणी ओशाळली. "तुम्हाला कळत असेल म्हणून मी..."

"मला नाही कळत," स्वराली म्हणाली. एवढ्या डॉक्टरांसमोर, नर्सबाईंसमोर, सरळ म्हणाली. "तुमचा कणा मला लागत नाहीये. तुम्हाला आतून कळतो, मला बाहेरून नाही. मीही एकदा या टेबलावर बसून सरांना असंच हो म्हटलं होतं, म्हणून ओळखलं. बरं, मला सांगा, घरी पाठीला खाज सुटली की कुणाकडून खाजवून घेता?"

इंद्रायणीला हा प्रश्न कळेचना. "यांच्याकडून."

"आणि ते चुकीच्या जागी खाजवत बसले, तर हो हो बरोबर म्हणता?"

"त्यांना?" इंद्रायणी म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा खराखुरा आवाज लागला. "छे. त्यांना तर एक जागा धड सापडत नाही. सांगून सांगून जीव जातो."

"मग आता मी विजयकुमार," स्वराली म्हणाली. "आणि मला काही धड सापडत नाही. सांगा."

कुलविंदर सिस्टरना मराठी कळत नव्हती, पण शुभदा मॅडमच्या हसून हलणाऱ्या खांद्यांकडे बघून त्याही हसल्या. स्वरालीने बोट टेकलं आणि दाबलं. कातडी बधिर होती, तरी आतल्या हाडावर दाब आला की कळतं.

"तिथे नाही," इंद्रायणी म्हणाली. जरा चाचरत.

"मग कुठे?"

"डावीकडे. आणखी. अहो आणखी डावीकडे, असं काय करता." जीभ चुकून घरच्या वळणावर गेली आणि ती लाजली, पण थांबली नाही. "जरा मागे. आता खाली. नाही, एवढं नाही, वर. हां. तिथे. तिथे कण्यावर आहे."

माझ्यातली तिची बोटं सैल झाली. पहिल्यांदा. मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला माझ्या फाटक्या शिवणीचंही दुःख उरलं नाही.

स्वरालीचं बोट आता त्या फसव्या वळीपासून चांगलं दोन बोटं दूर होतं. तिने कमरेची रेघ पुन्हा तपासली, आणि मग इंद्रायणीने दाखवलेल्या त्या ओळीत सुई घातली. सुई गेली. अडली नाही. तिच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे जागा बरोबर लागली. शुभदा मॅडमनी नाकातून श्वास सोडला, इतका मोठा की मला ऐकू आला.

औषध गेलं. इंद्रायणीला आडवं केलं आणि सिस्टरनी मला तिच्या हातातून सोडवून डोक्याशी स्टुलावर ठेवलं. तिचे पाय आधी गरम, मग जड, मग जणू दुसऱ्याचेच झाले. मध्ये पडदा लावला. पलीकडे डॉक्टर कामाला लागले. अलीकडे स्वराली तिच्या डोक्याशी बसून राहिली आणि बोलत राहिली, नांदेडबद्दल, इराच्या शाळेबद्दल. इंद्रायणीचं लक्ष त्यात नव्हतं. ती नुसती कान देऊन पडली होती. पडद्यापलीकडे कुणीतरी म्हणालं, "आ गया।" आणि मग काहीच आवाज नाही.

तो वेळ किती होता कुणास ठाऊक, फार नसेल. पण इंद्रायणीचा श्वास थांबला होता आणि स्वरालीचाही. मग रडं फुटलं. आधी किरकिर, जणू सुरू करू की नको असं, आणि मग अख्खं थिएटर दणाणून जाईल असं खणखणीत.

स्वराली वाकून म्हणाली, "ताई, ऐकलंत ना?"

"नाही," इंद्रायणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून दोन्ही कानांकडे पाणी वाहत होतं. "अजून ऐकायचंय. त्याला गप्प करू नका कुणी."

पुसणाऱ्या नर्सने बाळाला लगेच छातीशी घेतलं नाही. मनसोक्त रडू दिलं. स्वरालीने मास्कच्या वरून डोळे पुसले आणि मला उचलून आपल्या मांडीवर घेतलं. एवढ्या वर्षांत ती मला दुसऱ्यांदाच कवटाळत होती. त्या दिवसापासून सामानाच्या खोलीचं दार मी पाहिलेलं नाही. मॅडमची ती रीतही पुन्हा सुरू झाली. नवे डॉक्टर येतात, मला धरून बसतात, आणि स्वराली त्यांच्या पाठीवर हटकून चुकीच्या जागी बोट ठेवते. जो 'हो मॅम' म्हणतो, त्याला खरं बोलेपर्यंत उठू देत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे, आणि ती माझ्यासाठी नाही. माझा कापूस आज ना उद्या गोळा होणार, कुणी तरी मला टाकून देणारच. पण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, डॉक्टरलाही नाही आणि तुम्हालाही नाही. तेव्हा आजारी आजीला उठवताना, भावाची जखम बांधताना, थकलेल्या आईची पाठ चेपताना, विचारत जा. 'बरोबर आहे ना?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'कुठे?' असं विचारा. आणि तुमच्यावर कधी माझ्यासारखीला पोटाशी धरून बसायची वेळ आली, तर मागे कितीही मोठा माणूस उभा असू दे, चुकतंय तिथे त्याला 'इथे नाही' म्हणून सांगा. त्याला वाईट वाटत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं.